रोशनचा माज ठेवा, निवेदकाचा काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातल्या एका लेखिकेने कबड्डीच्या पार्श्वभूमीवर प्रेमकादंबरी लिहिली आहे, सुमारे ७०,००० शब्दांची. रोशन घणसोलीच्या मंडळाचा चढाईपटू. मुक्ता नौपाड्यात राहणारी फिजिओथेरपिस्ट, एका हंगामापुरती संघाबरोबर आलेली. पहिल्या तीन वाचक मैत्रिणींपैकी दोघी म्हणाल्या की रोशन बायकांना कस्पटासमान लेखतो, कादंबरी सेक्सिस्ट आहे. तिसरी म्हणाली, असाच तर हवा, गुळमुळीत नायक कोण वाचणार? आता रोशनला सुधारावं का, त्याचे बोचरे संवाद काढून टाकावेत का?

संवादांना हात लावू नका, निदान पहिल्या फेरीत. पाठवलेल्या प्रकरणांवरून दिसतं ते असं, की मैत्रिणींचा राग रोशनच्या वाक्यांवर निघाला असला तरी गडबड दुसरीकडे आहे. पहिल्या भेटीत रोशन म्हणतो, ‘आता बाई बघणार माझा गुडघा?’ हे चालेल, असा माणूस असतो. पण लगेच निवेदन मुक्ताच्या रागाने लाल झालेल्या गालांकडे, कपाळावर आलेल्या बटेकडे वळतं. तिने गुडघा तपासला का, काय सापडलं, तिला काय वाटलं, यातलं काहीच येत नाही. अपमान रोशनने केला आणि त्याची मजा निवेदकाने घेतली. पात्राची खोट आणि पुस्तकाची खोट वेगळी असते ती इथे. पहिलीशिवाय कादंबरी चालत नाही, दुसरी वाचकाला पुस्तक मिटायला लावते.

या दोन्ही वेगळ्या काढायला हस्तलिखित छापून घ्या. दोन ओळींत अंतर सोडून पानाला २५० शब्द धरले तर २८० पानं होतील. स्क्रीनवर हे काम करू नका, नजर घसरते. हातात लाल आणि निळी पेन्सिल घ्या. जिथे जिथे कोणी एखाद्या बाईला कमी लेखतं, थट्टेत, कौतुकात किंवा काळजीतसुद्धा, तिथे लाल रेघ. मग पुढच्या दोन पानांत त्या गोष्टीमुळे काही घडलं का ते बघा: कोणी दुखावलं, कोणी अडवलं, रोशनने काही गमावलं, कथा वळली. घडलं असेल तर निळी रेघ. ज्या लाल रेघेला निळी जोडीदारीण नाही ती पुस्तकाच्या खात्यावर. अशा जागी एक तर त्या वाक्याची किंमत कथेत वसूल करा, नाही तर ऐकणारं माणूस बदला, म्हणजे तेच वाक्य आईसमोर किंवा संघाच्या डॉक्टरसमोर पडू दे. दोन्ही जमत नसेल तर वाक्य सोडा. फार थोडी वाक्यं सोडावी लागतात असा अनुभव येईल.

निवेदनाची दुसरी तपासणी याहून सोपी आहे. प्रत्येक पात्र पहिल्यांदा येतं तिथली पहिली दोन वाक्यं एका कागदावर उतरवा, पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे. तुमच्या प्रकरणांत डावी बाजू अशी आहे: उजवा कोपरारक्षक, घोटा धरला की सोडत नाही, प्रशिक्षक, शिट्टी दातांत धरून बोलतो, मंडळाचा अध्यक्ष, पावती पुस्तक खिशात. उजवीकडे: गोरीपान, सडपातळ, मोकळे केस, थोडी जाड पण हसरी. पुरुष काय करतात ते सांगितलंय आणि बायका कशा दिसतात ते. रोशनच्या नजरेतून दिसतंय असं म्हणाल तर ज्या प्रकरणांत निवेदन मुक्ताच्या नजरेतून आहे तीही बघा. तिथेही ती होणाऱ्या नणंदेला आधी ‘गोरीपान’ म्हणूनच पाहते. मुक्ताचा धंदा शरीर वाचण्याचा आहे. तिला माणूस चालताना कुठला खांदा पुढे टाकतो, कुठल्या पायावर भार कमी देतो, हे आधी दिसेल. तिची नजर तिच्या कामाची केली की निम्मं वर्णन आपोआप सुधारतं.

आता मराठीतली एक खास गोष्ट. इंग्रजी प्रेमकादंबऱ्यांवर बेतलेल्या लेखनात ती हमखास सुटते. रोशन संघाच्या पुरुष डॉक्टरला ‘सर, तुम्ही’ म्हणतो आणि मुक्ताला पहिल्या भेटीपासून ‘तू’. दोघेही त्याच्यापेक्षा शिकलेले, दोघेही संघाच्या पगारावर. या एका सर्वनामात रोशनचा सगळा सेक्सिझम आहे, वेगळा भाषणबाज संवाद लागतच नाही. मग याचा उपयोग करा. पहिल्या प्रकरणातला ‘तू’ मुक्ताला खटकू दे आणि तिने शांतपणे ‘तुम्ही’ म्हणूनच उत्तर देऊ दे. सातव्या-आठव्या प्रकरणात कधीतरी रोशन अडखळत ‘तुम्ही’वर येईल. त्यानंतर पुन्हा ‘तू’ यायचं ते मुक्ताकडून, तिने म्हटल्यावर. मराठी प्रेमकथेत जवळीक कुठे सुरू झाली हे वाचक चुंबनाच्या आधी क्रियापदावरून ओळखतो. आणि शेवटच्या प्रकरणात लग्नानंतर ती अचानक ‘अहो’ म्हणायला लागते, तो मात्र ‘तू’च म्हणतो, हे तुम्ही ठरवून केलं आहे की हातातून गेलं आहे? हातातून गेलं असेल तर आधीच्या पस्तीस प्रकरणांची कमाई तिथे बुडते.

मैदानावरची भाषा मात्र पुसू नका. ‘हातात बांगड्या भरल्यात काय’, ‘पोरीसारखा पळतोस’, ‘साडी नेसून ये उद्या’ हे कबड्डीच्या मॅटभोवती ऐकू येतंच. संघाचे सराव लिहायचे आणि ही वाक्यं गाळायची म्हणजे खोटं लिहिणं. प्रश्न इतकाच, की ते वाक्य म्हटलं गेलं तेव्हा आसपास कोण होतं. तुमच्या चौथ्या प्रकरणात प्रशिक्षक बांगड्यांचं वाक्य ओरडतो तेव्हा मुक्ता पाच फुटांवर पट्टी गुंडाळत बसली आहे, आणि निवेदनाला ती तिथे आहे याची आठवणच नाही. तिच्याकडून बाणेदार उत्तर नको. तिच्या हातातली पट्टी क्षणभर थांबली, एवढं पुरे. शेजारचा पोरगा खाली बघतो, रोशन हसतो. हे हसणं पुढे कामाला येईल: तिसाव्या प्रकरणात तेच वाक्य पुन्हा येईल तेव्हा रोशन हसणार नाही. तेव्हाही त्याने भाषण ठोकू नये. एक जण हसला नाही हे संघात लगेच कळतं.

याच्या उलट बाजूला कौतुकाचे शब्द असतात आणि ते जास्त फसवे. ‘मर्दानी खेळ’, मुलींसाठी ‘वाघीण’, ‘रणरागिणी’, आणि तो ‘ही’: ‘मुलींनीही जोरदार खेळ केला.’ हा ‘ही’ कुठे कुठे आलाय ते शोधा. ‘कबड्डीपटू’ म्हटलं की पुरुष आणि बाईसाठी मात्र ‘महिला कबड्डीपटू’, हे समालोचकाच्या तोंडी असू दे, निवेदनात नको.

इतर बायका हा मोठा विषय आहे, कारण खेळावरच्या प्रेमकादंबऱ्यांची ही जुनी खोड आहे. अमेरिकन आइस हॉकीच्या साच्यात नायकामागे धावणाऱ्या मुलींचा एक घोळका लागतोच. त्या उथळ, म्हणून नायिका खोल. नायिकेचा मोठेपणा इतर बायकांच्या खर्चाने उभा राहतो. तुमच्याकडे हा घोळका इन्स्टाग्रामवर मेसेज पाठवणाऱ्या मुलींच्या रूपात आला आहे, आणि मुक्ता दोनदा म्हणते, ‘मी त्या मुलींसारखी नाही.’ पहिल्यांदा म्हटलं तर तिची खोट, ठेवा. दुसऱ्यांदा पुस्तकाने तिला बरोबर ठरवलं आहे, ते काढा. शिवाय रोशनची जुनी मैत्रीण श्रावणी स्वतः चढाईपटू आहे असं एका ओळीत येतं, पण २८० पानांत ती एकदाही खेळत नाही, फक्त जळते. तिला एक सामना द्या, चार पानांचा. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटरचं, महिलांचं १२ बाय ८. रुंदी दोन मीटरने कमी असल्याने कोपरारक्षकापासून पळायला जागा कमी, चढाईचे कोन बदलतात. रोशनने तो सामना बघावा आणि तिची एक खोड, समजा उलट्या पावली निदानरेषेवरून, म्हणजे चढाईत ओलांडावी लागणाऱ्या रेषेवरून, मागे वळण्याची, त्याला स्वतःला जमत नाही हे त्याच्या ध्यानात यावं. मग श्रावणीची जळजळ उरली तरी चालेल, तिला दुसरंही काही असेल.

रोशनच्या तोंडी असलेलं ‘बायकांची मॅच कोण बघतं’ हे वाक्य सोनं आहे, पण तुमचा काळ २०२५ चा हिवाळा आहे आणि रोशन राहतो घणसोलीत. तिथून कोपरखैरणे, तुर्भे, जुईनगर आणि नेरूळ, लोकलच्या चार स्थानकांच्या अंतरावर डी. वाय. पाटील स्टेडियमवर ३० ऑक्टोबरला भारताच्या महिला क्रिकेट संघाने ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग पूर्ण केला, जेमिमा रॉड्रिग्ज १२७ वर नाबाद राहिली, आणि २ नोव्हेंबरला तिथेच दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक घेतला. महिन्याभरापूर्वी हे शेजारी घडलेलं असताना रोशनचं वाक्य अज्ञानातून येऊच शकत नाही, ते हट्टातून येतं. हट्टी माणूस अडाणी माणसापेक्षा रंजक. लोकलमध्ये त्याच्यासमोर निळी जर्सी घातलेली शाळकरी मुलगी आणि तिचे वडील बसवा आणि मग ते वाक्य त्याला म्हणू दे.

पैशाबद्दलही रोशन एक तावातावाचं वाक्य बोलतो, ‘आता तर बायकांना सारखाच पैसा मिळतो’, आणि निवेदन ते खरं धरून पुढे जातं. क्रिकेट मंडळाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सामन्याचं मानधन सारखं केलं हे खरं: कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. पण २०२४-२५ च्या वार्षिक करारात पुरुषांची वरची श्रेणी ७ कोटींची होती आणि महिलांची ५० लाखांची. मुक्ताला आकडे माहीत असतील तर तिने व्याख्यान देऊ नये. ‘सामन्याचा सारखा, वर्षाचा नाही,’ एवढं म्हणून तिने बर्फाची पिशवी बदलावी.

आता रोशनच्या दोषाचं मूळ. तुम्ही सतराव्या प्रकरणात सांगता की त्याची आई तो नऊ वर्षांचा असताना घर सोडून गेली, म्हणून त्याचा बायकांवर विश्वास नाही. हे ऐकून मुक्ता रडते आणि इथून पुढे त्याचं सगळं माफ. यात दोन चुका आहेत. एक, जखम सांगितली की दोष फिटला असं पुस्तक मानतं. वाचकाला कारण कळलं, पण रोशनने अजून काहीच केलेलं नाही. दुसरी चूक जास्त खोल आहे आणि मराठी कादंबऱ्यांत सर्रास दिसते: पुरुषाच्या बाईद्वेषाचा दोष शेवटी दुसऱ्या बाईच्या पदरात टाकला जातो. आई गेली, ती का गेली हे कोणी विचारत नाही. ती सोडून गेलीच असेल तर ती कुठे आहे? ठाण्याजवळच्या दिव्यात राहते, कॅटरिंगच्या ऑर्डरी घेते, मुलाचे सामने मोबाइलवर बघते, असं एखादं दृश्य असू दे, आणि बाप तेव्हा काय करत होता तेही कोणी एका वाक्यात बोलू दे. हे जमणार नसेल तर आईची कथाच काढा. चढाईपटूला गर्विष्ठ व्हायला आईने सोडून जावं लागत नाही. सोळाव्या वर्षापासून गावात बॅनर लागले, वडिलधारे उठून जागा द्यायला लागले, बहिणीने त्याचे कपडे धुतले. एवढं कारण पुरेसं आहे आणि ते जास्त खरं वाटतं.

दोष खेळात दिसला पाहिजे. प्रेमकादंबरीत खेळ नुसता दंड दाखवायला असेल तर त्याऐवजी जिम लिहा. कबड्डीत रोशनच्या खोटीला घर तयार आहे. चढाईला तीस सेकंद, तो एकटा, समोर सात जण. त्याला एकट्याने खेळायची सवय इथेच लागली. पण बाद झाला की तो स्वतःहून परत आत येऊ शकत नाही. त्याच्या संघाने समोरचा खेळाडू बाद केला की बाहेरचा एक आत येतो. म्हणजे पकड करणारे कोपरारक्षक आणि मध्यरक्षकांची साखळी, ज्यांना तो मोजत नाही, त्यांच्याच हातात त्याचं परत येणं असतं. उपांत्य सामन्यात त्याला सहा मिनिटं बाहेर बसवा. तिसऱ्या चढाईचा नियम असलेल्या स्पर्धेत, दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरीला गुण मिळाला नाही तर चढाईपटू बाद होतो. प्रत्येक तिसरी चढाई रोशन स्वतःकडे ओढतो, प्रतिस्पर्ध्यांना ते पाठ झालं आहे, तो पकडला जातो, पाठोपाठ लोण चढतो, म्हणजे सगळा संघ बाद होतो, आणि वर दोन गुण जातात. मुक्ताचं न ऐकणं आणि राखीव चढाईपटूचं न ऐकणं ही एकच खोड आहे हे तुम्ही कुठेही लिहायचं नाही. वाचक जोडतो.

तुम्ही लिहिलेल्या अंतिम सामन्यात मात्र एक तांत्रिक चूक आहे: समोर चारच खेळाडू असताना रोशन बोनस, म्हणजे बोनस रेषा ओलांडल्याचा जादा गुण, घेतो. बोनस मिळायला समोर किमान सहा जण लागतात. कबड्डी बघणारा वाचक इथे तुम्हाला सोडून देईल.

मुक्ताकडे वळू. तिच्यात दोष नाही हीच तिची मोठी अडचण. ती धडपडते, चहा सांडते, वेळेवर जेवत नाही. हे दोष नव्हेत, गोंडसपणा आहे. नायकाला माज, संताप, ईर्ष्या आणि नायिकेला फक्त वेंधळेपणा, ही वाटणीच सेक्सिस्ट आहे, मग रोशन कितीही सुधारो. तिला खरी खोट द्या, आणि ती तिच्या हातातल्या कामातच सापडेल. पुढच्या हंगामाचा कायमचा करार तिला हवा आहे. व्यवस्थापन विचारतं, रोशन शनिवारी खेळेल का. तिला माहीत आहे की आणखी दोन आठवडे हवेत. ती ‘हो’ म्हणते. ही महत्त्वाकांक्षा आहे, तीत थोडी लबाडी आहे, आणि तिची किंमत दुसऱ्याच्या स्नायूने चुकवली जाते. यानंतर दोघांच्या भांडणात दोघेही चुकलेले असतील आणि ते भांडण वाचण्यासारखं होईल.

यासाठी दुखापत बदलावी लागेल. सध्या बाराव्या प्रकरणात गुडघ्याचा पुढचा क्रूसिएट लिगामेंट तुटतो, शस्त्रक्रिया होते आणि सहा आठवड्यांनी रोशन अंतिम सामना खेळतो. या शस्त्रक्रियेनंतर खेळात परतायला साधारण नऊ महिने धरतात, घाई केली तर पुन्हा फाटण्याचा धोका वाढतो. फिजिओ नायिका असलेल्या पुस्तकात ही चूक म्हणजे तिची पदवी काढून घेण्यासारखं. तुमच्या सहा आठवड्यांत बसेल अशी दुखापत हवी तर मांडीच्या मागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग, मध्यम ताण: चार ते आठ आठवडे. चौथ्या आठवड्यात चालताना, जॉगिंग करताना दुखत नाही, म्हणून सगळ्यांना तो बरा वाटतो. पूर्ण वेगात वळताना पुन्हा ताणला जातो. मुक्ताची लबाडी इथे नेमकी बसते.

ती त्याच्यावर उपचार करते आहे तोवर प्रेमप्रकरण सुरू करू नका, किंवा सुरू झालंच तर तिने उपचार दुसऱ्याकडे लेखी सोपवावेत आणि त्यामुळे तिचं काहीतरी अडावं. हा व्यवसायाचा साधा नियम आहे, आणि कादंबरीला तो फुकट मिळणारा अडथळा आहे. भावाच्या मित्राशी प्रेम केलं म्हणून भाऊ चिडला, यापेक्षा कितीतरी भक्कम. तो भावाचा धागा तसाही कमकुवत आहे: कर्णधार मुक्ताचा भाऊ, ‘माझ्या बहिणीकडे बघायचं नाही’ म्हणतो आणि पुढची साठ पानं दोन पुरुष एकमेकांशी तिच्याबद्दल भांडतात. तिला कोणी विचारत नाही. भाऊ ठेवायचा असेल तर त्याने हे वाक्य म्हटल्यावर तिने दोघांचाही आठवडाभर उपचाराचा वेळ काढून घ्यावा.

आता ‘नाही’बद्दल. नवव्या प्रकरणात मुक्ता स्पष्ट नकार देते. दहाव्यात रोशन चार दिवस ऐरोली स्टेशनच्या पुलावर उभा राहतो, नव्या नंबरवरून मेसेज करतो, शेवटी ती विरघळते. बाईने स्पष्ट नकार दिल्यावर वारंवार पाठलाग करणं, संपर्क साधत राहणं याला १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ लागतं. त्याआधी भारतीय दंड विधानाचं ३५४ ड होतं. पण कायद्यासाठी हे बदला असं सांगणं नाही. कथेच्या दृष्टीनेही हे प्रकरण मेलेलं आहे, कारण मुक्ताने काहीही ठरवलेलं नाही, ती फक्त दमली आहे. त्याऐवजी रोशनला जाऊ द्या. दहावं प्रकरण त्याच्याशिवाय लिहा. ती गुरुवारी सरावाला येते, तो दुसऱ्या फिजिओकडे निघून गेला आहे, आणि तिला ते लागतं. पुढचं पाऊल तिचं.

संघाच्या व्यवस्थापकाचा मुक्ताच्या पाठीवर हात ठेवण्याचं उपकथानक तुम्ही एका ठोशात संपवलं आहे: रोशन त्याला मारतो, टाळ्या. इथे दोन मार्ग आहेत. ठोसा मैदानात असेल तर कार्ड येतं: हिरवं म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामन्यातून बाहेर. सामना हरू दे. दुसरा मार्ग मुक्ताच्या हातातला. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामाच्या जागेच्या व्याख्येत क्रीडा संस्था, स्टेडियम आणि स्पर्धेचं ठिकाण स्पष्ट लिहिलेलं आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष बाई हवी. मंडळ त्याहून लहान असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत, चौकशीला नव्वद दिवस. म्हणजे तुमच्या हंगामाच्या कालपटात निकाल शेवटच्या प्रकरणाआधी येणारच नाही, आणि तोवर तिला त्याच माणसासोबत बसने सामन्याला जावं लागेल. हे लिहिण्यासारखं आहे. २०२३ च्या जानेवारीत कुस्तीपटू जंतरमंतरवर बसल्यापासून या विषयाला बगल देणारं खेळावरचं पुस्तक जुनं वाटतं. आणि उपनायिका सतरा वर्षांची कुमार गटातली खेळाडू आहे, तिचं प्रशिक्षकाशी ‘गोड’ प्रकरण पूर्ण काढा. अठराखाली लैंगिक जवळीक हा पोक्सोचा, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याखालचा, गुन्हा आहे, त्यात गोड काही नाही.

माफीचं गणित बिघडलं आहे. दोष पहिल्या ५,००० शब्दांत दिसतो, चांगलं. दोघांची फाटाफूट ६२,००० व्या शब्दावर आहे आणि माफी ६६,००० व्या. चार हजार शब्दांत साठ हजारांचं देणं फिटत नाही. फाटाफूट ४५,००० ते ४८,००० च्या आसपास आणा. दोष तीनदा चढत्या भाजणीने दाखवा, तिसऱ्यांदा त्याची झळ रोशनला बसू दे. मग बदल निदान दोनदा कृतीतून, आणि त्यातला एक मुक्ता तिथे नसताना, तिला कधीच न कळणारा. उदाहरणार्थ, तिसरी चढाई तो राखीव पोराला देतो आणि पोरगा हुकतो. रोशन बाकावर काही बोलत नाही. माफीच्या वाक्यात ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ नको, ‘मी हे केलं’ हवं. आणि माफी मागितल्याचं बक्षीस त्याच पानावर देऊ नका.

अखेरचा प्रसंग, भरलेल्या मैदानात माइक घेऊन लग्नाची मागणी, हा परक्या साच्यातून आला आहे. पाच हजार लोक, आई-वडील, अध्यक्ष, ढोल: मुक्ता इथे ‘विचार करून सांगते’ म्हणू शकते का? नसेल म्हणू शकत तर विचारलं असं होत नाही. त्याच मापाने तिच्या अंगावर त्याच्या नावाचा टी-शर्ट चढवण्याचं दृश्यही बघा, ते मालकीची पाटी लावल्यासारखं वाचतं. मागणी ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये होऊ दे, ठाण्याला उतरायच्या आधी, मागे कोणीतरी खाकऱ्याचं पुडकं फोडत असताना. शिवाय पैशाचा धागा तुम्ही सोडून दिला आहे. रोशनची क्रीडा कोट्यातली नोकरी अजून लागलेली नाही, मुक्ता दोन क्लिनिकमध्ये काम करून त्याच्यापेक्षा जास्त कमावते. रोशनच्या स्वभावाची खरी परीक्षा इथे आहे, आणि शेवटी मुक्ता करार सोडून घणसोलीत ‘त्याच्या डाएटकडे लक्ष’ द्यायला लागते तेव्हा तो धागा पुस्तकाने स्वतःच कापला. तिने काय सोडलं, त्याने काय सोडलं, दोन रकाने करा. त्याचा रिकामा दिसेल.

एक जाता जाता. रोशनच्या शरीराची वर्णनं मुक्ताच्या प्रकरणांत पानंच्या पानं आहेत, आणि तो कोणावरून बेतलाय हे नवी मुंबईतल्या कबड्डी रसिकाला दोन मिनिटांत कळेल. हे बदला. २०२३ मध्ये सिएटलच्या आइस हॉकी संघातल्या एका खेळाडूच्या पत्नीला, आणि मग त्यालाही, जाहीरपणे सांगावं लागलं की प्रेमकादंबऱ्यांच्या वाचकांच्या त्याच्याबद्दलच्या लैंगिक टिप्पण्या आता थांबायला हव्यात. टॅटू, जर्सीचा क्रमांक, गालावरचा व्रण, खेळण्याची जागा, यातलं निदान तीन बदला.

पुढची वाचक म्हणून मैत्रीण घेऊ नका. एखादी खेळलेली बाई शोधा, कबड्डी नसेल तर खो-खो चालेल, आणि वाचनाचे पैसे द्या. तिला सगळं पुस्तक देऊ नका. सामन्यांची तीन प्रकरणं आणि श्रावणीचा नवा सामना द्या, सोबत एकच प्रश्न: कुठे वाचायचं थांबावंसं वाटलं, त्या ओळीला खूण करा. प्रणयाची प्रकरणं त्या खुणा दुरुस्त झाल्यावर.